पोकळे सरांचा हळू फोन

श्री. एकनाथ पोकळे सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी ‘सरांचा मोठेपणा दाखवणारा एखादा प्रसंग’ लिहून द्यावा, असं गौरव समितीने कळवलं तेव्हा मी ताबडतोब होकार दिला. प्रसंग तयारच होता. आठ वर्षं मी तो ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला चहाच्या वेळी सांगत आले आहे. गेल्या महिन्यात मात्र त्या प्रसंगाचं असं काही झालं, की तो नेमका कोणाच्या मोठेपणाचा आहे आणि मुळात मोठेपणाचा आहे का, हेच मला कळेनासं झालं. तरीही लिहिते आहे. लिहिता लिहिता उलगडलं तर ठीकच. नाही तर सरांच्या गावची धायरीकर मंडळी सरांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखतात, त्यांनी आपापलं ठरवावं.

सरांची आणि माझी पहिली भेट नऊ वर्षांपूर्वीची. मी नुकतीच यवतमाळहून पुण्यात आले होते. हडपसरच्या ऑफिसातला पहिला दिवस. माझे वरिष्ठ म्हणून ज्यांच्यासमोर मला नेऊन बसवलं, ते गृहस्थ मोबाइलकडे एकटक बघत होते. “बसा,” ते मान वर न करता म्हणाले, “हा फोटो उघडला की बोलू.”

मी बसले. फोटो उघडत होता, पण वरून खाली, एकेक पट्टी. आधी मांडवाची झालर आली, मग फेटे आले, मग बऱ्याच वेळाने फेट्यांखालची तोंडं आली. कोणाचं तरी लग्न होतं. नवरदेवाचे बूट दिसेपर्यंत पाच मिनिटं तरी गेली असतील. तेवढा वेळ आम्ही दोघांनी ते लग्न पाहिलं. मग सरांनी एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, “आपलं काम काय, कळलं का?”

“नाही सर.”

“असू द्या. मलाही पहिल्या दिवशी कळलं नव्हतं.”

मोबाइल कंपनीतल्या इतक्या जुन्या इंजिनिअरचा फोन इतका ढिम्म कसा, या विचाराने मी तो सगळा दिवस गोंधळलेली होते. सरांच्या बाबतीत माझी जी गोंधळायची सुरुवात झाली ती तिथून.

सर काय काम करतात हे त्यांच्या गावातही कोणाला नीट सांगता येत नाही. कोणी म्हणतं टॉवर बसवतात, कोणी म्हणतं मोबाइल दुरुस्त करतात. त्यांच्या एका चुलतभावाने तर मलाच विचारलं होतं, “तो एवढा मोठा साहेब हाय म्हनता, मग आमच्या आळीत रेंज का नाय?” म्हणून थोडक्यात सांगते. आपल्या मोबाइलवर दिवसाचा ठरलेला डेटा असतो. तो संपला की नेट बंद पडत नाही, हळू होतं. किती हळू व्हावं आणि कशा रीतीने व्हावं, हे कोणीतरी यंत्रात नियम म्हणून लिहून ठेवलेलं असतं. ते लिहिणाऱ्या आमच्या छोट्या टीमचे पोकळे सर प्रमुख.

हळू करायच्या रीती दोन. ठरलेल्या वेगापेक्षा जास्त जे येईल ते सरळ टाकून द्यायचं, ही एक. जास्तीचं क्षणभर थोपवून ठेवायचं आणि मग ठरलेल्या वेगाने पुढे सोडायचं, ही दुसरी. पहिली सोपी आणि यंत्राला हलकी. दुसरीला जागा लागते, डोकं लागतं. सरांचं बालपण धायरीच्या मळ्यात विहिरीच्या पाण्यावर दारं धरण्यात गेलं. एका वाफ्याचं दार मातीने लावायचं, दुसऱ्याचं फोडायचं, हे काम त्यांनी शाळेच्या आधी आणि शाळेनंतर केलेलं. त्यामुळे टाकून द्यायचं म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं. “पाणी जास्त आलं म्हणून कोणी ओढ्यात सोडतं का हो?” ते मीटिंगमध्ये विचारत. मीटिंगमधल्या मंडळींनी विहीर फक्त रिसॉर्टमध्ये पाहिलेली असायची, ती मान हलवत आणि पुढच्या विषयाकडे वळत. तुम्ही काय करता असं कोणी विचारलं तर सर अजूनही सांगतात, “दारं धरतो.”

सरांनी आमच्या टीमला एक शिस्त लावली होती, आणि माझी गोष्ट त्या शिस्तीपाशीच अडकली आहे. लोकांवर लावायची मर्यादा आधी आपल्यावर लावायची. नवा नियम लिहिणाऱ्याने आपलं स्वतःचं सिम त्या नियमाखाली घालायचं आणि चार दिवस तोच फोन वापरायचा. टीममधल्या दुसऱ्या एकाने त्याच चार दिवसांत तेच करायचं. मग लाल वहीत दोघांनी ‘वापरलं’ असं लिहून सह्या करायच्या. दोन सह्या पडल्याशिवाय नियम लोकांपर्यंत जात नसे. आमच्याकडे तपासणीची भारी यंत्रं होती, तरी ही वही होतीच. “यंत्राला कंटाळा येत नाही,” सर म्हणत. “माणसाला येतो. तो किती येतो ते बघायचंय.” माझ्या पहिल्या दिवशीचं ते लग्न म्हणजे असाच एक चौथा दिवस होता.

मी रुजू होऊन वर्ष होत आलं तेव्हा एक मोठा नियम माझ्याकडे आला. दिवसाचा डेटा संपलेल्यांचा वेग नव्या यंत्रावर बसवायचा होता. नोकरीत कायम व्हायला महिना उरलेला. नियम मी मन लावून लिहिला. मग चार दिवसांची वेळ आली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझं लग्न जुळत होतं. मुलगा परदेशात होता आणि रोज व्हिडिओवर बोलायचा. हळू फोनवर तो अडकत अडकत दिसणार, मी त्याला तोंड वाकडं झालेली दिसणार. मी काय केलं, तर माझं सिम एका जुन्या फोनमध्ये घातलं, तो फोन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मैत्रिणीच्या सिमवर बोलत राहिले. चार दिवस सिम त्या नियमाखाली होतं, हे खरं. मी नव्हते.

त्याच आठवड्यात सरांनी ऑफिसात पेढे वाटले. त्यांच्या थोरल्या मुलीला बंगळूरला मुलगी झाली होती. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, तिकडे गेल्या होत्या, सर इकडे एकटे. टेबलाटेबलाशी जाऊन ते फोनवर बाळाचे फोटो दाखवत होते. मलाही दाखवले, एकामागून एक, चांगले वीस-पंचवीस. मी पेढा खाल्ला, “नाक तुमच्यावर गेलंय सर,” म्हटलं आणि सरांनी वही पुढे केली.

“चाललं?”

“चाललं सर.”

मी ‘वापरलं’ लिहून सही केली. खाली सरांनी सही केली. नियम गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवरून निरोप आला, की पोकळे सरांना भेटायला कोणी चोरघे आले आहेत. भाऊ चोरघे हे सरांचे धायरीच्या शाळेतले वर्गमित्र. मार्केट यार्डात एका आडत्याकडे काम करतात. गाडीवाल्यांना कुठल्या गाळ्यावर माल उतरवायचा ते मोबाइलवर लिहून कळवणं हे त्यांचं काम. सर धायरीहून हडपसरला येताना रोज सकाळी त्यांच्याबरोबर चहा घेतात. चोरघे घामाघूम झाले होते.

“एकनाथ, सकाळी डेटा संपला की माझा फोन रोज हळू होतो. त्याची मला सवय हाय. दोन वळी लिहिल्या की जातात, भागतं. आज हळू नाय झाला, मेलाय. सकाळधरनं ह्या गेटावरनं त्या गेटावर पळतोय मी. एक गाडी उन्हात तासभर उभी ऱ्हायली.”

“बंद करून चालू केला का?”

“तीनदा. तुमच्या माणसांनी फोनवर तेच सांगितलं. आता तू पण तेच सांग.”

सरांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि नियम उघडला. मी मागे उभी होते. मोबाइलवर माहिती पुडक्या-पुडक्यांनी येते. एका दमात किती आत येऊ द्यायचं याची एक संख्या नियमात लिहावी लागते. नव्या यंत्राला ती एका मापात हवी होती, मी दुसऱ्या मापात लिहिली होती. त्यामुळे माझं दार ठरवल्यापेक्षा आठपट अरुंद झालं होतं, म्हणजे एक अख्खं पुडकंही त्यातून जाईना. आणि ते यंत्र टाकून देणाऱ्या रीतीचं. वेगाचा आकडा बरोबर होता, कागदावर सगळं ठीक होतं, आणि डेटा संपलेल्या सगळ्या माणसांचे फोन मेले होते. कोणीही तो फोन पाच मिनिटं वापरला असता तरी कळलं असतं. ड्रॉवरला ते कळलं नाही.

सरांनी संख्या सुधारली. चोरघ्यांचा फोन सुरू झाला. “आला परत,” असं म्हणून ते रिक्षाने यार्डात परत गेले. संध्याकाळच्या आत आमच्या मोठ्या साहेबांनी मीटिंग लावली. मी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून बसले होते. ते म्हणाले, “मला एकच सांगा, ही मिस्टेक कोणाची?”

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “वहीवर सही माझी आहे.”

“पण रूल लिहिला कोणी?”

“सही माझी आहे, म्हणजे रूल माझा आहे. लिहून घ्या.”

लिहून घेतलं गेलं. त्या वर्षी सरांची बढती हुकली. मी महिन्याभराने कायम झाले. ज्या मुलापायी हे सगळं केलं तो पुढे माझा नवरा झाला, एवढं तरी बरं.

तर हा माझा तयार प्रसंग. हाताखालच्या मुलीची चूक सरांनी आपल्या अंगावर घेतली. सांगताना मी ड्रॉवरचं वगळत असे. आकडा चुकला एवढंच सांगत असे, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की माझ्याही येत असे. पण पोटात एक प्रश्न आठ वर्षं तसाच होता. मी खोटी सही केली हे सरांना माहीत होतं का? माहीत असेल, तर ते इतकी वर्षं मला कोण समजत होते? नसेल, तर त्यांनी अंगावर काय घेतलं होतं? विचारायची हिंमत झाली नाही. सरांनीही त्या वहीचा विषय कधी काढला नाही.

इतर बाबतींत सरांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पुण्यात माझं राहायचं ठरत नव्हतं तेव्हा काकूंनी धायरीत त्यांच्या शेजारची खोली मिळवून दिली आणि पहिले पंधरा दिवस जेवायला घरीच बोलावलं. टीममधली मुलं माझ्या वऱ्हाडी बोलण्याला हसायची, “गावंडे मॅडम येऊन राहिल्या” म्हणायची. सर एकदा शांतपणे म्हणाले, “गावंडे काय म्हणतात ते मार्केट यार्डापासून मांजरी गावापर्यंत कोणालाही कळेल. तुम्ही मेलमध्ये काय लिहिता ते मला अजून कळलेलं नाही.” हसणं थांबलं. आणि चोरघ्यांच्या त्या प्रकारानंतर सर दीड वर्ष भांडले आणि टाकून देणारी रीत काढायला लावून थोपवून सोडणारी रीत आणली. आज डेटा संपल्यावरही तुमचे दोन शब्द पोहोचत असतील, तर त्यात सरांच्या त्या भांडणाचा वाटा आहे.

एका गोष्टीचा मात्र आम्हाला कोणालाच पत्ता लागला नव्हता. त्या घटनेनंतर सरांचा फोन कायमचाच हळू झाला. कुठलीही चाचणी चालू नसताना. फोन बदलला तरी हळू. काकू म्हणायच्या, “घरात नेटवर्कचा माणूस, आणि साऱ्या धायरीत ढ फोन यांचाच. नात तिकडे मोठी होतेय, हे इकडे तिच्या कपाळापर्यंत पोहोचलेत.” सर हसून विषय बदलत.

म्हणून गेल्या महिन्यात टीमने ठरवलं, की साठीची भेट म्हणून सरांचा नंबर सगळ्यात वेगवान यादीत टाकायचा. काम माझ्याकडे आलं. मी त्यांचा नंबर शोधला. तो एका वेगळ्याच यादीत निघाला. त्या यादीत दुसरा कोणीही नव्हता. वेग, डेटा संपल्यावर मिळतो तोच, पण दिवसभर, रोज. यादी तयार केल्याची तारीख दोनदा पाहिली. चोरघे गेटवर आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख होती.

मला वाटलं, सरांना सगळं माहीत होतं. माझ्या खोट्याची शिक्षा हा माणूस आठ वर्षं स्वतः भोगतो आहे. असल्या माणसाचा गौरव मी कुठल्या अधिकाराने लिहिणार? रविवारी सकाळी मी धायरीला गेले. सर ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. ड्रॉवर, मैत्रिणीचं सिम, सही. सर शेंगा फोडत राहिले.

“तुम्हाला माहीत होतं ना सर?”

“हो. चोरघे गेल्यावर बघितलं मी. तुमच्या सिमवर चार दिवसांत काहीच वापर नव्हता. शून्य.”

“मग बोलला का नाहीत?”

“कोणत्या तोंडानं बोलू?” सर म्हणाले. “गावंडे, वहीत तुमच्याखाली सही कोणाची होती?”

“तुमची.”

“काय लिहिलं होतं?”

“‘वापरलं’,” मी म्हणाले. मग पेढे आठवले. एकामागून एक पटापट उघडणारे वीस-पंचवीस फोटो आठवले. हळू फोनवर ते उघडलेच नसते. मी ते डोळ्यांनी पाहिले होते, नाकाबद्दल बोलले होते, आणि माझ्याच चोरीच्या काळजीत मला काही दिसलं नव्हतं.

“मी सिम घातलंच नव्हतं,” सर म्हणाले. “नातीचे फोटो येत होते. म्हटलं, गावंडे चार दिवस वापरतायत, तेवढं बास. मीटिंगमध्ये ‘सही माझी आहे’ म्हटलं ते खरंच म्हटलं होतं. तुम्हाला वाचवायला नव्हतं म्हटलं. लोकांनीच तसं धरलं. मग तुम्ही ते जगभर सांगत सुटलात. मला तर वाटायचं, तुम्ही ते फोटो बघितलेत, तुम्हाला सगळं ठाऊक हाय, आणि तुम्ही मोठ्या मनानं गप्प बसलाय.”

“मी? मोठ्या मनाने?”

“मग काय! आठ वर्षं मी तुमच्यापुढं ओशाळा होतो हो.”

मी पायरीवर बसले. काकू आतून चहा घेऊन आल्या आणि आम्हा दोघांची तोंडं बघून विचारत्या झाल्या, कोणी गेलं का म्हणून.

“आणि फोन, सर?”

“नातीचे पहिले फोटो घाईनं बघितले आणि चोरघ्याला पळवलं. म्हटलं, आता बाकीचे सावकाश बघू.” एवढं बोलून सरांनी शेंगांची परडी माझ्याकडे सरकवली. “लेख लिहिताय ना? हेही लिहा. तुमचं लिहा, माझंही लिहा. नाही तर देऊ नका.”

म्हणून लिहिलं. ‘सरांनी माझी चूक अंगावर घेतली’ हे वाक्य आता मला लिहिता येत नाही, आणि ते गेल्यावर सरांबद्दलचा आदर कमी व्हायला हवा होता, तो वाढल्यासारखा का वाटतो, तेही मला सांगता येत नाही. एवढंच कळतं, की माझी सही खोटी होती आणि मी आठ वर्षं ती गोष्टीतून वगळली. सरांचीही खोटी होती, आणि ते आठ वर्षं ती रोज हातात घेऊन वावरले. मला माझी फार लाज वाटली आणि त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

टीमची भेट सरांनी एका अटीवर स्वीकारली आहे. त्यांचा नंबर यादीतून काढायचा तर लाल वहीत रीतसर दोन सह्या हव्यात. दुसरी ते करतील, आठ वर्षांनंतर तेवढा हक्क आपल्याला आहे असं ते म्हणतात. पहिली माझी. त्यासाठी सोमवारी मी माझं सिम त्यांच्या यादीत घातलं आणि फोन ड्रॉवरमध्ये न ठेवता खिशात ठेवला. आज चौथा दिवस. नवऱ्याला व्हिडिओवर बोलायचं असेल तर घरी ये म्हटलं आहे.

आदरणीय पोकळे सरांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, शंभरीच्या अंकातही त्यांच्याबद्दल लिहायची वेळ माझ्यावर येवो, आणि नातीने काढलेला प्रत्येक फोटो त्यांना एका क्षणात मिळो, अशी मनापासून प्रार्थना करते. समितीने या अंकाच्या मुखपृष्ठावरचा सरांचा फोटो मला पसंतीसाठी फोनवर पाठवला आहे. तो मघापासून वरून खाली उतरतो आहे. पांढरे केस आले, चष्मा आला, आता नाक येतंय. सर फोटोत हसत आहेत की नाहीत ते अजून दिसत नाही. पसंती उद्या कळवते. आज वाट बघते.